नेवेनाचा कागद

आमच्या स्तारी ब्रोद गावात माणूस मेला की त्याचा कागद लागतो. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव, वय आणि 'तू कायम आमच्या मनात राहशील' असं काहीतरी. हा कागद विजेच्या खांबांवर लागतो, बेकरीच्या भिंतीवर लागतो, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा लागतो, वर्षानं पुन्हा लागतो. गावात वर्तमानपत्र कुणी विकत घेत नाही, पण सकाळी पाव आणायला निघालेला प्रत्येक जण खांबापाशी थांबतो, खिशातून चष्मा काढतो, वाचतो आणि म्हणतो, "अरेरे, हाही गेला का? सोन्यासारखा माणूस होता हो." तो जिवंत असताना आपण त्याला काय काय बोलत होतो, ते त्या घटकेला कुणाला आठवत नाही.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण येलेला ते कुणी सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, यात सांगायचं काय? कागद लागतात, हे काय कुणाला माहीत नसतं?

येले हॉलंडचा. वय चोवीस. उंची एवढी, की आमच्या वाचनगृहाच्या दारातून आत येताना दर वेळी त्याचं कपाळ चौकटीवर आपटायचं आणि दर वेळी तो चौकटीची माफी मागायचा. तो सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पसरून खायचा. मी कपाळाला हात लावायची. एका स्वयंसेवक योजनेतून तो वर्षभरासाठी आला होता, तरुणांच्या मानवी हक्कांसाठी काम करायला. मी वाचनगृहाची सचिव, म्हणजे किल्ल्या, झाडू, नाटकाचे पडदे आणि येले, सगळं माझ्याच गळ्यात.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तरुणांचे हक्क तू देशील, पण तरुण कुठून आणशील?" माझी स्लावेना स्टुटगार्टला गेली, तिला आता कितीतरी वर्षं झाली. गावातली निम्मी घरं अशीच आहेत. कुणाचं पोर जर्मनीत, कुणाचं स्पेनमध्ये, आणि घरी म्हातारा-म्हातारी फोन चार्ज करत बसलेली.

तरी दहा-बारा पोरं उरली होती. वाचनगृहाच्या तळमजल्यावर एक खोली आहे, शेगडीची. शाळा सुटली की पोरं तिथं जमायची. टेबल टेनिस खेळायची, गिटार बडवायची, अधूनमधून अभ्यासही करायची. हिवाळ्यात बसायला गावात दुसरी ऊबदार जागा एकच, ती म्हणजे जुगाराच्या मशिनांचं दुकान. त्या दुकानदाराला आता धंदा वाढवायला आमची ही खोलीच हवी होती, आणि नगराध्यक्ष मिन्चो कोलारोव ती त्याला द्यायला उतावीळ झाला होता.

"गिन्का, गावात तरुणच राहिले नाहीत," मिन्चो मला म्हणाला. तो आणि मी एका वर्गातले. "रिकाम्या खोलीला शेगडी कशाला?"

"रिकामी? तू कधी डोकावलायस तिथं?"

"मला वेळ कुठाय?"

पोरांमध्ये पुढारी होती नेवेना. सतरा वर्षांची, जिभेला धार, डोकं शाबूत. बाप ट्रक घेऊन ऑस्ट्रियाकडे, आई इटलीत एका म्हातारीची सेवा करायला, घरी ती आणि नेद्याल्का आजी. सभेत खोलीबद्दल बोलू द्या म्हणून नेवेना तीनदा मिन्चोकडे गेली. तिन्ही वेळा त्यानं एकच सांगितलं, "अठरा पूर्ण कर, मग बोल." तिला अठरा पूर्ण होणार नोव्हेंबरात, आणि खोलीचं मतदान ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. येले हे ऐकून एवढा लाल झाला, की मला वाटलं याला ताप चढला.

"मुलांचं म्हणणं ऐकून घेणं हा त्यांचा हक्क आहे!" तो म्हणाला.

"असेल. पण मिन्चोला ऐकायला येत नाही, हा त्याचा हक्क आहे," मी म्हटलं.

मग एक दिवस येले मला म्हणाला, "गिन्का मावशी, खांबांवर ती चौकटीतली माणसं असतात ना, ती फार सुंदर पद्धत आहे."

"आमच्याकडे फार जुनी आहे ती."

"पण नेहमी म्हातारेच का?"

"मग कोण असणार?"

"तरुण माणसाचा का नाही लावत?"

मी पटकन छातीवर क्रूस काढला. "तोंड आवर रे मेल्या! अशी वेळ देव कुणावर न आणो."

त्याचा चेहरा पडला. त्याच्या मनात काय आलं ते मला फार उशिरा कळलं. त्याची अशी समजूत झाली होती, की आमचं गाव दर आठवड्याला एखाद्या साध्यासुध्या नागरिकाचा असा सत्कार करतं. लोक थांबून आदरानं वाचतात, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे त्यानं रोज पाहिलं होतं. मान मिळतो तो फक्त म्हाताऱ्यांना, आणि तरुणांचं नाव काढलं तर गिन्का मावशीसुद्धा अंगावर येते! तो काही न बोलता निघून गेला. गप्प झालेला स्वयंसेवक फार धोक्याचा, हा धडा मी तेव्हा शिकले नव्हते.

पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी मी चार दिवस बहिणीकडे गेले होते. रविवारी दुपारी बसमधून उतरले. हातात टोपली, टोपलीत बहिणीनं ईस्टरला रंगवायला दिलेली अंडी. थांब्यावर नवा कागद दिसला. सवयीनं चष्मा लावला.

काळी चौकट. चौकटीत नेवेना, हसणारी. नेवेना स्तामेनोवा दिमोवा, वय सतरा. 'तू कायम आमच्या मनात आहेस. तुझा आवाज हे गाव विसरणार नाही.'

टोपली कधी पडली मला कळलं नाही. अंडी रस्त्यावर वाहत होती आणि मी त्या खांबाला धरून उभी होते. बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशीच मी पोरीला ओरडले होते, शेगडी विझवली नाहीस म्हणून. एका शेगडीवरून!

बेकरीवाली इव्हेलिना समोरून रडत आली. "कालच लाझारच्या सणाची गाणी म्हणत, पोरींबरोबर दारोदार फिरत माझ्या दारात आली होती ग! डोक्यावर फुलांचा मुकुट होता!"

"झालं तरी काय?"

"ओल्या केसांनी वाऱ्याच्या झोतात बसली होती म्हणे."

आमच्या गावात वाऱ्याच्या झोतानं जेवढी माणसं मेली तेवढी दोन महायुद्धांत मेली नसतील. मी विचारायचंही सोडून दिलं. फुलवाल्याकडे जाऊन सहा कार्नेशन घेतली. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती तीन, पाच, सात. मेलेल्याला दोन, चार, सहा. यात आमच्याकडे लहान पोरसुद्धा चुकत नाही.

नेवेनाच्या अंगणात ही गर्दी. बाया रडताहेत, पुरुष टोप्या हातात धरून उभे. आणि दारात नेद्याल्का आजी, नवा कोरा एप्रन बांधून, गालभर हसत, तळलेल्या माशांचं ताट घेऊन!

"ये ग गिन्का, ये! बघ तरी किती माणसं! गेल्या वर्षी फक्त तिघं आली होती."

म्हातारीचं डोकं फिरलं, दुसरं काय! मग माझ्या लक्षात आलं, की आज पाम संडे. फुलाचं किंवा झाडाचं नाव असलेल्या प्रत्येकाचा आज नामदिन, म्हणजे नावाचा सण, आणि नेवेन म्हणजे आपला झेंडूच. नामदिनाला कुणी कुणाला बोलवत नाही. लोक आपले आपण येतात, घरच्यांनी ताटं मांडून तयार राहायचं. आजी घराबाहेर पडलीच नव्हती. तिनं खांब पाहिला नव्हता. तिला अजून कुणी सांगितलंच नाही, असं मला वाटलं आणि मला जास्तच रडू आलं.

आजीनं माझ्या हातातली फुलं मोजली. तिचं हसू मावळलं.

"सहा? तूसुद्धा? इव्हेलिनानं चार आणली, मास्तरांनी आठ आणली. गावाला मोजता येईनासं झालं का काय?" तिनं माझ्या गुच्छातलं एक फूल खस्सकन ओढलं आणि कोंबड्यांकडे भिरकावलं. कोंबड्यांपुढे फुलांचा ढीग पडला होता. "नामदिनाला असला अपशकुन!"

"आजी," मी कसंबसं विचारलं, "पोर कुठाय?"

"वर झोपलीय."

अंगणातल्या बायांनी हंबरडा फोडला.

"अग, रडता काय? उठेल की. भूक लागली की उठेल!"

इव्हेलिनानं डोळे मिटून क्रूस काढला. आणि मीही कशी बावळट! वर जाऊन बघावं, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. कागद लागला म्हणजे लागला. आमच्याकडे डॉक्टर चुकतो, पाद्री चुकतो, कागद चुकत नाही.

तेवढ्यात फाटकात मिन्चो आला. काळा सूट, हातात वीस कार्नेशन. शरद ऋतूत निवडणूक होती, म्हणून मी मनात म्हटलं, आला बघा हा, मतं गोळा करायला. पण त्याचा चेहरा पाहिला आणि ओशाळले. त्याचे डोळे खरंच सुजले होते.

आजीनं वीस फुलं मोजायला वेळ घेतला, एक उपटलं, आणि त्याच्या हातात वाइनचा ग्लास देऊन आपला ग्लास पुढे केला. "आरोग्य लाभो रे मिन्चो!"

मिन्चोनं ग्लास चटकन मागे घेतला. मेलेल्याच्या नावानं पिताना ग्लासाला ग्लास भिडवत नाहीत. त्यानं थोडी वाइन जमिनीवर सांडली, रीतीप्रमाणे.

"अरे मुडद्या! आत्ता पुसलीय फरशी!"

"बोलू दे आजी," मिन्चो म्हणाला. "लोकहो, ही पोर माझ्याकडे तीनदा आली. मी तिला थांब म्हणालो, मोठी हो म्हणालो. आता ती कधीच मोठी होणार नाही. मला लाज वाटते. ती खोली मी कुणालाही देणार नाही. ती पोरांचीच राहील. दारावर नेवेनाचं नाव लावू. हा माझा शब्द, या सांडलेल्या वाइनची शपथ."

सगळे मुसमुसत होते. आणि जिन्यावरून आवाज आला, "खरंच, नगराध्यक्ष साहेब? मग बुधवारी मला बोलूही द्याल?"

नेवेना जिन्यात उभी होती. नुकतीच न्हाऊन आलेली, खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. इव्हेलिना जिवाच्या आकांतानं किंचाळली, "पोरी, केस पूस आधी! दार उघडं आहे!"

नंतर काय झालं ते सांगणं कठीण आहे. मास्तर माशांच्या ताटावर बसले. मिन्चो फुलं धरून नुसता उभा होता. मी धावत जाऊन पोरीला एवढं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "मावशी, मरेन मी."

"तो शब्द काढू नकोस!"

"उठलीस?" आजी म्हणाली. "बघ किती पाहुणे आलेत तुझ्यासाठी. एकालाही फुलं मोजता येत नाहीत."

त्याच वेळी खाड करून फाटकाच्या चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज झाला, "माफ करा" असं चौकटीला ऐकवलं गेलं, आणि येले आत आला. हातात डेझी, चेहऱ्यावर सूर्य उगवलेला. अंगणभर माणसं पाहून त्याला काय करू नि काय नको झालं.

"सगळ्यांनी वाचलं! गिन्का मावशी, बघा! तरुण माणसाचा पहिला कागद, आणि अख्खं गाव आलं! पुढच्या आठवड्यात दुसरा लावतो. बाकीच्यांचे फोटोही आहेत माझ्याकडे!"

"तू लावलास?" मी विचारलं.

"हो. नेवेनाला सांगितलं नाही, गंमत म्हणून. चौकट निळी करणार होतो, पण प्रिंटरची रंगीत शाई संपलीय ना. म्हणून तुमच्यासारखीच काळी केली. वाक्यंही खांबावरूनच घेतली. तुम्ही लोक फार छान लिहिता."

मी त्याला त्याच कार्नेशननी झोडपलं. आजीनं एक काढून घेतल्यामुळे पाचच उरली होती, म्हणजे जिवंत माणसाला द्यायला योग्यच. झोडपता झोडपता मी त्याला कागद म्हणजे काय ते सांगितलं. तो आधी लाल झाला, मग पांढरा पडला, मग नेवेनासमोर हात जोडून उभा राहिला. ती मात्र पायरीवर बसून पोट धरून हसत होती. "येले, फोटो तरी बरा निवडायचास!"

आता मिन्चोला कंठ फुटला. त्यानं टाय सारखा केला. "हे बघा, मी तो शब्द मेलेल्या मुलीला दिला होता. ही तर जिवंत आहे. तेव्हा तो शब्द लागू होत नाही."

एवढा वेळ नेद्याल्का आजीला अर्धवट कळत होतं. आता सगळं कळलं. ती ग्लास ठेवून मिन्चोसमोर आली, त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती.

"म्हणजे माझी नात मेली असती तर खोली मिळाली असती?"

"तसं नव्हे, आजी..."

"वाइन कुठं सांडलीस? माझ्या फरशीवर ना? ती सांडलेली वाइन परत बाटलीत भर, मग घे तुझा शब्द माघारी."

मिन्चोनं फरशीकडे पाहिलं. सगळ्या गावानं फरशीकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "बुधवारी पाच मिनिटं बोल. पण मतदान होणार म्हणजे होणार. सदस्यांनी सांडलेली नाही वाइन."

बुधवारी नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी त्या सभांना मी आणि एक मांजर असतो. बाकीची पोरं भिंतीला टेकून उभी होती, येले वाकून उभा होता, मागच्यांना दिसावं म्हणून. नेवेना उठली. हातात खांबावरून सोडवून आणलेला कागद. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले.

"हा माझा कागद," ती म्हणाली. "हा लागला तेव्हा तुम्ही सगळे आमच्याकडे आलात. मी किती गुणी होते ते मला जिन्यातून ऐकू आलं. इव्हेलिना मावशी, मागच्याच आठवड्यात तुम्ही मला भवानी म्हणाला होतात."

लोक हसले. इव्हेलिनानं मान खाली घातली.

"मला राग नाही आला. बरं वाटलं खरं तर. पण मग मी विचार करत बसले. माझी आई इटलीला गेली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बस गेली आणि मी त्या खांबापाशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले, तर खांबावर काहीच नव्हतं. कुणी थांबलं नाही, कुणी चष्मा लावला नाही. मेलेल्याचा कागद लागतो. बसनं गेलेल्याचा लागत नाही. लागला असता तर गावात खांब पुरले नसते."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"आम्हीही जाऊ कदाचित. मला माहीत नाही. पण अजून गेलेलो नाही. तोवर बसायला एक ऊबदार खोली द्या. आणि तुम्हाला आम्ही दिसत नसलो, तर खाली डोकावा. दार उघडंच असतं." पाच मिनिटं झाली नव्हती. ती खाली बसली.

मिन्चोनं मतदान पुकारायचं होतं. तो खिडकीकडे बघत होता. खिडकीतून बसथांबा दिसतो. त्याचा बोयान दोन वर्षांपूर्वी तिथूनच गेला, वालेन्सियाला, आणि निघताना बापलेकाचं भांडण झालं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "खोली पोरांकडे राहावी, अशा मताच्यांनी हात वर करा," आणि पहिला हात त्याचाच वर गेला. मग एकेक करून सगळे. जुगारवाल्याच्या मेव्हण्यानं हात अर्धा वर केला आणि त्याच हातानं डोकं खाजवलं. तो आम्ही मोजून टाकला.

पोरं आरडाओरडा करत खोलीकडे धावली. मी येलेला घेऊन जिन्यानं खाली येत होते, त्याला चौकट आली, चौकट आली म्हणून सांगत. मागून मिन्चो आला. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"ए मुला," तो येलेला म्हणाला, "त्या कागदाला काळीच चौकट लागते का?"

येले घाबरून माझ्यामागे सरकला. "मी पुन्हा कधीच लावणार नाही, शपथ."

"तसं नाही. निळी करता येईल का? माझ्या बोयानचा फोटो आहे माझ्याकडे. तो बरा आहे, तिथं ट्रक चालवतो. फक्त..." मिन्चोनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फक्त इथं नाही, एवढंच लिहायचं."

"रंगीत शाई संपलीय," येले म्हणाला.

"शाई नगरपालिका देईल."

माझ्या जिभेवर टोमणा तयार होता. मिन्चोला टोमणा मारायची संधी मी शाळेपासून एकदाही सोडलेली नाही. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, उघड्या दारातून त्या थांब्याकडे बघत होता, आणि बघता बघता मीही तिकडेच बघायला लागले.

"येले," मी म्हटलं, "दोन काढ. स्लावेनाचा फोटो मी घरून आणते."